बोटांनी वाचलेला समुद्र

धान्याच्या आडतीवर मुरलेला माणूस पोत्यात हात घालतो, मूठभर हरभरा तळहातावर घेऊन अंगठ्याने फिरवितो आणि त्यात ओल किती हे सांगून मोकळा होतो. कापडाच्या पेढीवरील जुने मुनीम ताग्याची कड दोन बोटांत चोळून सूत कोणत्या प्रतीचे ते ओळखतात. त्या वेळी त्यांचे डोळे पुष्कळदा समोरच्या गिऱ्हाइकाकडे असतात. व्यापारात वाढलेल्या घरांना बोटांची ही विद्या नवी नाही. मात्र दृष्टी गेल्यानंतरही एका व्यापाऱ्याने याच विद्येचा आधार घेऊन समुद्रातील शंख-शिंपल्यांची ओळख पटविली, त्यांची वर्गवारी लावली आणि ती पुढे युरोपातील पंडितांनी आधारभूत मानली, ही हकिकत मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. त्या व्यापाऱ्याचे नाव गेओर्ग एबरहार्ड रुम्फियस.

त्याचा जन्म १६२७ मधला, जर्मनीतील हेसन प्रांताचा. वडील बांधकामाच्या व्यवसायातील, मुलाचे शिक्षण हानाउ गावी झालेले. लॅटिन उत्तम, गणित बरे, आणि दूरदेशी जाण्याची ओढ अनावर. व्हेनिसच्या चाकरीत घेतो असे सांगून त्याला सैन्यात भरती करण्यात आले आणि प्रत्यक्षात ब्राझीलकडे निघालेल्या जहाजावर चढविण्यात आले. तेथेही तो पोहोचला नाही. सुमारे तीन वर्षे पोर्तुगालमध्ये अडकून पडला. एवढा अनुभव गाठीशी असताना दुसरा कोणी घरी स्वस्थ बसला असता. रुम्फियस १६५२ च्या डिसेंबरात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर पुन्हा चढला आणि पूर्वेकडील मसाल्याच्या बेटांना गेला. त्यानंतर त्याने युरोपचे तोंड पाहिले नाही.

ही कंपनी महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. वेंगुर्ल्यास तिची वखार होती, सुरतेला मोठी पेढी होती. सुरतेचे नामांकित जैन व्यापारी वीरजी व्होरा डच व इंग्रज कंपन्यांकडून लवंग, मिरी यांसारखा माल घाऊक खरेदी करीत आणि प्रसंगी त्याच कंपन्यांना कर्जही देत. सुरतेच्या बाजारात उतरणारी लवंग ज्या बेटांवरून येई, त्यांतील प्रमुख म्हणजे अंबोन. आजच्या इंडोनेशियातील मालुकू द्वीपसमूहातील हे एक लहानसे बेट. लवंगेचा भाव पडू नये म्हणून कंपनीने तिची लागवड अंबोन आणि शेजारच्या मोजक्या बेटांपुरती ठेवली होती. इतर बेटांवरील झाडे तोडण्यासाठी सशस्त्र नावांचे ताफे निघत. लवंगेच्या त्या सुगंधी पोत्यांमागे एवढी कुऱ्हाड चाललेली होती, हे सांगितल्यावाचून रुम्फियसची कथा पुरी होत नाही, कारण तो त्याच कंपनीच्या अन्नावर जगत होता.

आरंभी तो सैन्याच्या बाजूला होता. तलवारीचे काम त्याला रुचेना. १६५७ मध्ये त्याने अर्ज करून व्यापार-विभागात बदली मागून घेतली आणि लारिके येथे कनिष्ठ व्यापारी म्हणून रुजू झाला. पुढे हिला येथे आला आणि १६६२ मध्ये त्याला व्यापाऱ्याचा पूर्ण हुद्दा मिळाला. दिवसा लवंगेचे वजन, जमाखर्च, गावकऱ्यांचे तंटे. आणि उरलेल्या वेळी किनारा. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबकी तपासणे, कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर काय काय आले ते पाहणे, गावातील म्हाताऱ्यांना प्रत्येक वस्तूचे स्थानिक नाव विचारणे, असा त्याचा क्रम होता. अंबोनच्या मलायी बोलीत शंख-शिंपल्यांना ‘बिया’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द गमतीचा वाटेल, पण त्याच्या नोंदींत तो पानोपानी येतो. एकाच वस्तूचे लॅटिन नाव, डच नाव आणि तेथील लोकांचे नाव शेजारी शेजारी मांडावयाचे, हा त्याचा नियम. ज्यांनी वस्तू आणून दिली त्यांच्या शब्दाला त्याने कधी कमी लेखले नाही. त्याची पत्नी सुझाना हीही या शोधात त्याच्याबरोबर असे. पुष्कळ वनस्पती प्रथम तिनेच त्याच्या दृष्टीस आणल्या.

१६७० मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले.

जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्याला दिसेनासे झाले तर कंपनीने त्याला निरोप द्यावा, हेच रीतीला धरून झाले असते. वनस्पतींवरील त्याचा मोठा ग्रंथ तेव्हा अर्धवट होता. बटाव्हियाच्या गव्हर्नर-जनरलने मात्र त्याचा हुद्दा व वेतन कायम ठेवले, त्याला अंबोन शहरात आणविले, आणि पुढे लेखनिक व चित्रकारही मिळवून दिले. ज्या कंपनीने लवंगेची झाडे तोडविली तिनेच एका आंधळ्या माणसाला बत्तीस वर्षे पोसले. दोन्ही गोष्टी एकाच दप्तरात नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतील एक दुसरीला खोडून काढीत नाही.

ग्रंथ तो लॅटिनमध्ये लिहीत होता. आता सांगून लिहवून घेणे भाग पडले, आणि लेखनिकांना लॅटिन येत नव्हते. त्याने हाताखालचे काम बाजूला ठेवले, लिहिलेला भाग पुन्हा डच भाषेत सांगितला आणि पुढचेही सर्व डचमध्येच केले.

चार वर्षे अशी गेली. १७ फेब्रुवारी १६७४ च्या संध्याकाळी चिनी वस्तीत नववर्षाचा उत्सव चालला होता. सुझाना आणि धाकटी मुलगी तो पाहण्यासाठी गेल्या. त्याच वेळी भूकंपाचा प्रचंड हादरा बसला, भिंत कोसळली आणि दोघीही तिच्याखाली सापडल्या. मागोमाग समुद्राची लाट आली. बेटावर मिळून दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या प्रेतांजवळ बसून हा आंधळा माणूस कसा शोक करीत होता, याची नोंद कंपनीच्या रोजनिशीत आहे. एरवी लवंगेची वजने टिपणाऱ्या कारकुनी भाषेलाही तेथे पाझर फुटलेला दिसतो. रुम्फियसने पुढे त्या भूकंपाचा वृत्तान्त स्वतः लिहविला. कोणत्या गावी किती घरे पडली, पाणी कोठवर चढले, कोणता डोंगर खचला, हे त्यात क्रमवार आहे. स्वतःच्या घराविषयी त्याने मोजकेच शब्द खर्च केले.

आणि तो पुन्हा आपल्या शंखांकडे वळला.

शंख हातात घेतल्यावर बोटांना काय कळते, याचा विचार करण्यासारखा आहे. प्रथम वजन. त्यानंतर शिखर, म्हणजे ज्या टोकापासून जीवाने लहानपणी आपले घर बांधण्यास आरंभ केला ते टोक. तेथून बोट खाली सरकत जाते तसे वेढे मोजता येतात; दोन वेढ्यांमधील खाच खोल की उथळ, पृष्ठभाग गुळगुळीत की धारांचा, काटे आहेत की गाठी, हे समजते. नंतर मुख. मुखाचा बाहेरचा ओठ पातळ व धारदार असेल तर प्राणी अजून वाढीच्या वयातला, जाड व वळलेला असेल तर पूर्ण वाढलेला. शेवटी अंगठा आत घालून मधला स्तंभ चाचपावयाचा. काही जातींत त्यावर आडव्या वळ्या असतात, काहींत नसतात. आजचे शास्त्रज्ञही कवचावरून ओळख पटविताना याच क्रमाने जातात. रंग आणि नक्षी मात्र बोटांना कळत नाही. तेथे रुम्फियसला दुसऱ्याच्या डोळ्यांवर, आपल्या मुलाच्या, लेखनिकाच्या, कोळ्याच्या सांगण्यावर आणि पाहिलेल्या बेचाळीस वर्षांच्या स्मरणावर विसंबावे लागे. हे उघडच आहे की रंगाने माणूस फसतो. उन्हात पडलेला शंख पांढरा होतो, लाटांनी घासलेला निस्तेज होतो, एकाच जातीतील दोन भावंडांची नक्षी निराळी निघते. आकार सहसा फसवीत नाही.

त्याचे एक उदाहरण व्यापारी घरांना उपयोगी पडेल. पूजेत वापरला जाणारा शंख टर्बिनेला पायरम या जातीचा. शिखर वर व मुख स्वतःकडे करून धरला असता बहुतेक सर्व शंखांचे मुख उजव्या हाताला येते. लाखांत एखादा याच्या उलट निघतो आणि त्यालाच दक्षिणावर्ती म्हणतात; आपल्याकडे शंख शिखर खाली करून धरण्याची रीत असल्यामुळे डाव्याचे नाव उजवे झाले, एवढेच. या दुर्मिळतेचा भाव प्रचंड, म्हणून बाजारात लबाडीही जुनी. अमेरिकेच्या किनाऱ्यावर लाइटनिंग व्हेल्क नावाचा एक शंख मिळतो. तो जातीनेच डावा आहे, म्हणजे तेथे डावा असणे हा नियम आणि उजवा निघणे हा अपवाद. तोच घासूनपुसून दक्षिणावर्ती म्हणून विकला जातो. डोळ्यांनी पाहणाऱ्याची फसगत होते. अंगठा आत घातला तर मात्र निकाल तत्काळ लागतो. खऱ्या शंखाच्या मधल्या स्तंभावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या लागतात, अमेरिकन शंखाचा स्तंभ तसा नसतो. शिवाय तो हाताला हलका लागतो. हजारो रुपये मोजण्यापूर्वी एवढी परीक्षा कोणालाही करता येईल.

दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. काष्ठौषधींच्या दुकानात धुपासाठी आणि उटण्यासाठी ‘नखला’ म्हणून एक पदार्थ मिळतो. पुष्कळ घरांत ती एखाद्या झाडाची साल किंवा मुळी समजली जाते. वस्तुतः ते समुद्री गोगलगाईच्या घराचे झाकण होय. प्राणी आत शिरला की दार लावून घेतो ते हे दार. रुम्फियसने या सुगंधी झाकणांवर सविस्तर लिहिले आहे: ती कोणत्या जातींची, कोणत्या आकाराची, धुपात कशी वापरतात. घरात जिन्नस आणताना ते कशाचे आहे हे जाणून घेण्याची ज्यांना आवश्यकता वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

कवडीची कथा सर्वांच्या परिचयाची. मालदीवच्या बेटांवरून नावा भरभरून कवड्या बंगाल व ओडिशात येत आणि तेथे त्या चलन म्हणून चालत. ओडिशात इंग्रजांनी कवड्यांऐवजी रुपयांत सारा मागण्यास आरंभ केला, तेव्हा कवडीचा भाव कोसळून शेतकरी नागवला. १८१७ च्या पाइकांच्या उठावाच्या कारणांत त्याचीही गणना होते. मराठीत ‘कवडीमोल’ हा शब्द तुच्छतेने वापरला जातो, पण एके काळी कवडीचे मोल होते म्हणूनच तो शब्द निर्माण झाला. नाण्याच्या कवड्यांतही जाती दोन. एकीच्या कडेला फुगीर गाठी असून ती हाताला कोनाकोनाची लागते. दुसरी अंडाकृती, तिच्या पाठीवर सोनेरी कडे. आंधळ्यालाही त्या वेगळ्या करता येतात. लिनियसने १७५८ मध्ये पहिलीला ‘मोनेटा’ म्हणजे नाणे असे नाव दिले.

जैन पाठशाळेत शिकलेल्या मुलांना शंख आणि कवडी निराळ्या संदर्भात भेटतात. इंद्रियांच्या संख्येवरून जीवांची वर्गवारी लावताना शंख, कवडी, शिंपला हे स्पर्श व रसना अशी दोन इंद्रिये असलेल्यांत येतात, मुंगी तीन इंद्रियांच्या वर्गात, भुंगा चार इंद्रियांच्या वर्गात. जीवसृष्टीची वाटणी कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न त्या परंपरेने फार पूर्वी हाती घेतला होता, आणि तिचे प्रयोजन जीवाची हिंसा टळावी हे होते. युरोपातील संग्राहकांचे प्रयोजन तसे नव्हते. त्यांना चकचकीत, अभंग, ताजा शंख हवा असे. तसा शंख बहुधा जिवंत प्राण्यासकटच पकडावा लागतो. किनाऱ्यावर वाहून आलेला रिकामा शंख झिजलेला असतो आणि त्याला भाव मिळत नाही. रुम्फियसच्या ग्रंथातही शंख स्वच्छ करण्याच्या रीती दिलेल्या आहेत आणि त्या वाचताना आजच्या वाचकाचे मन कचरते. हा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच ग्रंथात एक प्रसंग मोठ्या मौजेने सांगितला आहे. धुतलेले सुंदर शंख उजळावेत म्हणून त्याने उंच बाकावर मांडून ठेवले होते. रात्री साधू-खेकडे, म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे, वर चढून आले. आपली जुनी, झिजलेली घरे तेथे टाकली आणि नवी कोरी घरे अंगावर चढवून निघून गेले. सकाळी संग्राहकाच्या वाट्याला जुने कपडे तेवढे उरले. हे एकदाच घडले नाही, वारंवार घडले. रिकामा शंख निरुपयोगी नसतो, त्याच्यासाठी कोणीतरी रांगेत उभे असते, हे त्याला या चोरांनी शिकविले असावे. किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या मुलांच्या पिशव्या भरण्यापूर्वी हे त्यांना सांगण्यासारखे आहे. कायद्याची बाजू निराळी. २००१ मध्ये भारत सरकारने नॉटिलस, ट्रम्पेट ट्रायटन, हॉर्न्ड हेल्मेट, मोठे ट्रिडॅक्ना शिंपले इत्यादी जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत घातल्या. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मांडलेले असे कवच विकणे किंवा विकत घेणे हा तेव्हापासून गुन्हा आहे.

काही शंखांना तर हात न लावणेच शहाणपणाचे. कोन नावाच्या शंखांचे कवच निमुळते, त्यावरील नक्षी जरीकाठासारखी देखणी. आतील प्राणी पोकळ सुईसारखा दात विषासह मारून मासे पकडतो. बांदा बेटावरील एका दासीने जाळ्यातून आलेला असा शंख नुसता हातात धरला. किनाऱ्याकडे चालत येताना तळहाताला किंचित खाज सुटली, ती दंडाकडे चढली, आणि ती स्त्री मरण पावली. ही हकिकत रुम्फियसने नोंदविली आणि कोन-शंखाने झालेल्या मृत्यूची ती सर्वांत जुनी लेखी नोंद मानतात. असे शंख लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रातही आहेत. या विषाचा अभ्यास फिलिपाइन्समधील बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी आणि पुढे अमेरिकेत त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. त्यातील एका घटकावरून असह्य वेदनांवरील औषध तयार झाले, २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनवितात, त्यासाठी शंख लागत नाहीत.

याच कुळातील एक जात, कोनस ग्लोरियामारिस, दीर्घ काळ जगातील सर्वांत दुर्मिळ शंख समजली जाई. १७७७ मध्ये तिचे वर्णन झाले आणि पुढील जवळजवळ दोनशे वर्षांत मोजकेच नमुने हाती आले. राजेरजवाड्यांनी त्यासाठी तिजोऱ्या उघडल्या. १९६९ मध्ये ग्वादालकनालजवळ पाणबुड्यांना तिचे राहण्याचे ठिकाण सापडले. एकदम शंभराहून अधिक शंख वर आले आणि भाव गडगडला. जात दुर्मिळ नव्हती, तिचा पत्ता दुर्मिळ होता. साठा कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे चढलेला भाव आणि माल खरोखर कमी असल्यामुळे चढलेला भाव यांतील भेद बाजारात बसणाऱ्यांना वेगळा सांगावयास नको.

रुम्फियसच्या स्वतःच्या संग्रहाचे काय झाले? १६८२ मध्ये तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्याकडे रवाना झाला. बोटांनी पाठ केलेले शंख पेट्यांत बांधून पाठविणे त्याच्या जिवावर आले असणार. ११ जानेवारी १६८७ रोजी अंबोन शहराला आग लागली. तीत त्याचे ग्रंथालय, हस्तलिखितांचा काही भाग आणि वनस्पतींची चित्रे जळून गेली. वय साठीला आलेले. डोळे असते तर त्याने पुन्हा स्वतः चित्रे काढली असती. आता मुलगा पाउलुस आणि कंपनीने दिलेले चित्रकार यांच्याकडून एकेक पान नव्याने करवून घेतले.

१६९० मध्ये ‘अंबोनची वनस्पती’ या ग्रंथाचे पहिले सहा भाग बटाव्हियाला पोहोचले. तेथील गव्हर्नर-जनरल योहानेस काम्फाइस हा स्वतः विद्याप्रेमी. जहाजावर चढविण्यापूर्वी त्याने सबंध हस्तलिखिताची नक्कल करवून घेतली. महत्त्वाच्या कागदाची नक्कल घरात ठेवावी, ही पेढीवरची साधी शिस्त. त्याने ती पाळली म्हणून पुढचे सर्व घडले. १६९२ मध्ये मूळ प्रत घेऊन निघालेले ‘वॉटरलांड’ जहाज फ्रेंचांनी बुडविले. नकलेवरून दुसरी प्रत तयार झाली आणि ती हॉलंडला पोहोचली. तेथे कंपनीच्या सतरा संचालकांनी ती कुलपात ठेवली. मसाल्याच्या झाडांची एवढी माहिती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नये, अशी चिंता त्यांना होती. ती छापली गेली १७४१ पासून पुढे, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

शंखांच्या ग्रंथाचे नशीब थोडे बरे. ‘अंबोनचे नवलाईचे दालन’ असा नावाचा अर्थ होईल असा तो ग्रंथ १७०५ मध्ये अॅम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात खेकडे व त्यांचे सोयरे, दुसऱ्यात शंख-शिंपले, तिसऱ्यात खनिजे व दगड. साठ चित्रपाने, ज्यांच्यामागे कीटकांची विख्यात चित्रकर्ती मारिया सिबिला मेरियान हिचा हात असल्याचे मानतात. नॉटिलसच्या कवचात राहणाऱ्या प्राण्याचे चित्र त्यात होते. कवच युरोपात शेकडो घरांत होते, पण आतला जीव कोणी पाहिला नव्हता. १८३२ मध्ये रिचर्ड ओवेनने त्या प्राण्याची सविस्तर तपासणी केली, तोवर हेच चित्र अभ्यासकांपुढे होते. लिनियसने आपली द्विनाम पद्धती मांडली तेव्हा कितीतरी शंखांपुढे रुम्फियसच्या चित्रपानाचा क्रमांक नोंदविला. त्यांतील काहींची शास्त्रीय ओळख आजही त्या छापील चित्रावरच टेकलेली आहे. रुम्फियस १५ जून १७०२ रोजी अंबोनलाच वारला होता. छापील ग्रंथ त्याच्या हाती पडला नाही.

दीडशे वर्षांनी त्याच बेटावर आल्फ्रेड रसेल वॉलेस उतरला. त्याचा मुख्य शोध भुंगेऱ्यांचा. आठ वर्षांत त्याने पूर्वेकडील बेटांवरून सव्वा लाखाहून अधिक नमुने जमविले, त्यांत ८३,२०० भुंगेरे होते; लंडनमधील अडत्या ते विकी आणि त्यावर प्रवासाचा खर्च चाले. एवढ्या जीवांचा संहार मनाला रुचणारा नाही. भुंगेरा ओळखावयाचा तो पाठीवरील ढालीसारख्या कठीण पंखांवरून, मिशांच्या घडणीवरून, पायांच्या पेरांच्या मोजणीवरून. अंबोनला त्याला एक विलक्षण जात मिळाली, पुढचे पाय शरीराहून लांब असलेली. सकाळी गोड रस काढावयास झाडावर चढणाऱ्या गावकऱ्यांना ती रसाशी सापडे आणि ते आणून देत. शास्त्रज्ञापाशी विद्या होती, पण पत्ता पुन्हा गावकऱ्यांनाच ठाऊक होता.

१७४१ नंतर जो वनस्पतिग्रंथ बाहेर आला, त्यात एका पांढऱ्या, झालरीसारख्या पाकळ्यांच्या आमरीचे वर्णन आहे. या फुलाला त्या देशात नाव मिळाले नाही, म्हणून ते सुझानाचे फूल, असे रुम्फियसने लिहवून ठेवले. वनस्पती शोधण्यात जी त्याची पहिली सोबतीण होती आणि हे फूल जिने त्याला दाखविले, तिच्या स्मरणार्थ. आज त्या आमरीचे शास्त्रीय नाव पेक्टेइलिस सुझाने. तिचीच एक बहीण, तशाच शुभ्र झालरीची, पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर फुलते.